वही एक, हात अनेक : संगणकाच्या हिसाबावर भरोसा किती ठेवावा?

व्यापारात पैसा दुसऱ्या नंबरवर येतो, पहिल्या नंबरवर हिसाब येतो, असे आमचे अब्बा नेहमी म्हणत. त्यांच्या काळी वही एक होती, मुनीमजी एक होते आणि रात्री वही तिजोरीत गेली की हिसाब सुरक्षित झाला असे समजले जाई. वहीत खाडाखोड झाली तर ती डोळ्यांना दिसे. अक्षर कोणाचे, शाई कोणती, हे सगळे ओळखू येई.

आज आमच्यासारख्या मध्यम व्यापाऱ्याची स्थिती वेगळी आहे. मालेगावात खरेदी, भिवंडीत गोदाम आणि मुंबईत विक्रीचा गाळा. तिन्ही ठिकाणी संगणक, आणि खिशातल्या मोबाइलवर चौथी प्रत. वही एकच म्हणायची, पण लिहिणारे हात अनेक आणि प्रतीही अनेक. संगणकशास्त्राच्या भाषेत अशा व्यवस्थेला 'वितरित प्रणाली' म्हणतात. नाव मोठे आहे, पण प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. चार प्रती एकच गोष्ट सांगतात का? कोणी मध्येच आकडा बदलला तर कळेल का? आणि भांडण झाले तर कोणाची प्रत खरी मानायची?

या प्रश्नांचा विचार आम्ही फार उशिरा केला आणि त्याची किंमत एका चांगल्या माणसाने चुकवली. म्हणून हा लेख.

चाळीस तागे कुठे गेले?

ही गोष्ट २०१९ च्या रमजानची. ईदच्या आधीचे दिवस म्हणजे कापडवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. मालेगावहून ग्रे कापडाचे ४० तागे ट्रकने निघाले. तिथे बसणाऱ्या आमच्या भाच्याने संगणकात चलन चढवले. त्या दिवशी नेट येत-जात होते. 'सेव्ह' दाबले तर स्क्रीन अडकून राहिली. त्याने थोडे थांबून पुन्हा दाबले. रात्री नेट सुरळीत झाले आणि मालेगावची नोंद भिवंडीच्या संगणकात उतरली, एकदा नव्हे, दोनदा.

आठ दिवसांनी आम्ही गोदामाची मोजणी केली. संगणक म्हणे ८० तागे आले, गोदामात आलेले ४०. शंभर मीटरचा तागा आणि २८ रुपये भाव धरला तर १ लाख १२ हजारांचा माल गायब!

गोदाम पाहणारे चाचा अब्बांच्या वेळेपासून आमच्याकडे होते. आम्ही त्यांना चोर म्हटले नाही. पण चाव्या मागून घेतल्या आणि 'काही दिवस आराम करा' असे सांगितले. भिवंडीत अशा गोष्टीचा अर्थ काय होतो हे सांगायला नको. ऐन रमजानमध्ये मोहल्ल्यात बोभाटा झाला.

पुढे वाहतूकदाराचे भाडे चुकते करताना बिल्टी हातात आली. एकच बिल्टी, एकच ट्रक, ४० तागे. संगणकात पाहिले तर दोन्ही नोंदींचा चलन नंबर एकच होता! यंत्राने एकच चलन दोन वेळा घेतले आणि आम्हाला विचारलेसुद्धा नाही. आम्ही चाचांच्या घरी जाऊन माफी मागितली. ते एवढेच म्हणाले, "सेठ, मला एकदा विचारले असते तर त्याच दिवशी बिल्टी काढून दाखवली असती."

ते परत कामावर आले, पण ते वाक्य आमच्या मनातून गेलेले नाही. माणसाला विचारण्याआधी आम्ही यंत्रावर विश्वास ठेवला होता.

ब्रिटनमधील दुकानदारांवर आलेले संकट

आमची चूक आठ दिवसांत उघड झाली. ब्रिटनमध्ये हीच चूक उघड व्हायला वीस वर्षे लागली. तिथे बऱ्याच ठिकाणी टपाल कार्यालय म्हणजे एखाद्या दुकानदाराच्या दुकानातील एक काउंटर असतो. त्या दुकानदाराला सब-पोस्टमास्टर म्हणतात. त्यांत आपल्या उपखंडातून गेलेली कुटुंबेही पुष्कळ आहेत. १९९९ पासून या शाखांत 'होरायझन' नावाची संगणक व्यवस्था बसवण्यात आली. ती जपानच्या फुजित्सू कंपनीच्या ब्रिटिश उपकंपनीने तयार केली होती. शाखेत लिहिलेला हिसाब तारेवरून मध्यवर्ती संगणकात जात असे.

थोड्याच दिवसांत शाखांमध्ये तूट दिसू लागली. पेटीत पैसे कमी, संगणकात जास्त. करारानुसार तूट दुकानदाराच्या माथी मारली जाई. कोणी घर गहाण टाकले, कोणी नातेवाइकांकडून उसने घेऊन भरणा केला. तक्रार करणाऱ्याला सांगितले जाई की असा त्रास फक्त तुम्हालाच आहे. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोकांना चोरी, अफरातफर, खोटा हिसाब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवण्यात आले. सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या सब-पोस्टमास्टर बाईंना नोव्हेंबर २०१० मध्ये १५ महिन्यांची कैद झाली. त्या वेळी त्या गरोदर होत्या. आरोप सुमारे ७४ हजार पौंडांचा होता.

वेल्समधील ॲलन बेट्स यांचा टपालाचा करार २००३ मध्ये संपवण्यात आला होता, पण त्यांनी हार मानली नाही. त्यांच्या पुढाकाराने ५५५ जणांनी मिळून दिवाणी दावा लावला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला की होरायझनमध्ये दोष होते आणि त्या दोषांमुळे शाखेच्या हिसाबात तूट दिसू शकत होती. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने सीमा मिश्रा यांच्यासह ३९ जणांची शिक्षा रद्द केली. मे २०२४ मध्ये तर संसदेने कायदा करून अशा शेकडो शिक्षा एकदम रद्द केल्या. सरकारी चौकशीच्या जुलै २०२५ च्या अहवालात म्हटले आहे की या प्रकरणामुळे किमान १३ माणसांनी जीव दिला असण्याची शक्यता आहे.

आता दोष कसले होते ते पाहू. २०१५ मध्ये स्कॉटलंडमधील डालमेलिंग्टन येथे ८ हजार पौंडांची रोकड जमा करताना स्क्रीन अडकली. बटण पुन्हा पुन्हा दाबले गेले आणि तीच रक्कम चार वेळा चढली. २४ हजार पौंडांची खोटी तूट तयार झाली. फॉल्कर्कमधील एका शाखेत एका काउंटरची नोंद दुसऱ्या काउंटरपर्यंत वेळेवर पोहोचली नाही, म्हणून एकच रक्कम पुन्हा घेतली गेली. आणि सर्वांत गंभीर गोष्ट ही की कंपनीचे लोक दुरून शाखेच्या हिसाबात नोंद घालू शकत होते. टपाल कंपनी मात्र वर्षानुवर्षे असे होऊच शकत नाही म्हणत होती.

आमचे ४० तागे आणि डालमेलिंग्टनचे ८ हजार पौंड, रोग एकच!

एक चलन, एकच नोंद

तार मध्येच तुटली तर पाठवणाऱ्याला कळत नाही की निरोप पोहोचलाच नाही, की पोहोचला पण उत्तर वाटेत राहिले. त्यामुळे पुन्हा पाठवणे भाग पडते. चांगली व्यवस्था पुन्हा पाठवण्याला घाबरत नाही. ती प्रत्येक व्यवहाराला पाठवण्याआधीच एक नंबर देते, आणि त्याच नंबरचा व्यवहार पुन्हा आला तर 'हा आमच्याकडे आहे' म्हणून बाजूला ठेवते.

जीएसटीच्या ई-इनव्हॉइसमध्ये नेमके हेच केले आहे. विक्रेत्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल नंबर यांवरून ६४ अक्षरांचा एक क्रमांक तयार होतो. तेच बिल दुसऱ्यांदा टाकले तर तोच क्रमांक येतो आणि पोर्टल ते नाकारते. ऑक्टोबर २०२० मध्ये मोठ्या कंपन्यांपासून ही पद्धत सुरू झाली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या व्यापाऱ्यांना लागू झाली. पुष्कळ बांधव हिला कटकट म्हणतात. आम्हीही म्हणत होतो. पण अशी सोय आमच्या गोदामाच्या संगणकात असती तर चाचांवर ती वेळ आली नसती.

कोणाचे घड्याळ खरे?

दुसरा प्रश्न क्रमाचा. मुंबईच्या गाळ्यात ११ वाजून ५ मिनिटांनी शेवटचे दहा तागे विकले गेले आणि भिवंडीतून ११ वाजून ३ मिनिटांनी तेच दहा तागे दुसऱ्या पार्टीला गेले. आधी कोण? घड्याळावरून ठरवावे तर भिवंडीचे घड्याळ पाच मिनिटे मागे असू शकते.

लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये यावर विचार मांडला. त्याचा सारांश असा की भिंतीवरच्या घड्याळाच्या मागे लागू नका. प्रत्येक ठिकाणी नोंदीला चढता क्रमांक द्या आणि दुसरीकडून निरोप आला की आपला क्रमांक त्याच्याही पुढे न्या. म्हणजे जी गोष्ट दुसऱ्या गोष्टीचे कारण आहे, ती कधी मागे पडणार नाही. आपल्या जुन्या पद्धतीतही आवक-जावक क्रमांकाला महत्त्व होते, तारखेला त्याच्यानंतर.

तार तुटली तर धंदा थांबवावा का?

बर्कलेचे प्राध्यापक एरिक ब्रूअर यांनी २००० साली एक अनुमान मांडले आणि सेठ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२ मध्ये ते सिद्ध केले. साध्या भाषेत असे : दोन दुकानांमधील तार तुटली असेल तेव्हा दोहोंपैकी एकच गोष्ट मिळते. दोन्हीकडे विक्री चालू ठेवा, मग हिसाब काही काळ वेगळा होईल. किंवा हिसाब एकच ठेवा, मग तार जुळेपर्यंत एका ठिकाणी तरी थांबावे लागेल. दोन्ही देतो म्हणणारा सॉफ्टवेअर विकणारा खोटे बोलतो किंवा त्याला स्वतःलाच ठाऊक नाही.

ॲमेझॉन कंपनीने २००७ मध्ये आपल्या 'डायनॅमो' व्यवस्थेची माहिती प्रसिद्ध केली. गिऱ्हाइकाने टोपलीत टाकलेली वस्तू कधीही हरवू नये म्हणून त्यांनी विक्री चालू ठेवण्याचा मार्ग निवडला. त्याचा परिणाम असा की दोन प्रती एकत्र करताना कधी कधी काढून टाकलेली वस्तू टोपलीत परत दिसे. त्यांनी हा दोष जाणूनबुजून पत्करला, कारण गिऱ्हाईक पैसे देण्याआधी टोपली पाहतेच.

आपणही असाच विचार करावा. ऑर्डर लिहून घेणे तार तुटली तरी चालू ठेवावे. पण शेवटचा माल देणे, उधारीची मर्यादा वाढवणे, पैसे चुकते करणे या गोष्टी फोन करून दुसऱ्या ठिकाणी विचारल्याशिवाय करू नयेत. पाच मिनिटे जातात, पण पार्टीपुढे मान खाली घालावी लागत नाही.

खोटे कोण बोलतो आहे?

आतापर्यंत आपण चुकीबद्दल बोललो. पण कोणी मुद्दाम खोटे सांगत असेल तर? १९८२ मध्ये लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीझ या तिघांनी हा प्रश्न सेनापतींच्या गोष्टीतून मांडला. शहराला वेढा घातलेले सेनापती निरोप्यामार्फत बोलतात आणि त्यांच्यात एक फितूर आहे. त्यांनी दाखवले की नुसत्या तोंडी निरोपांवर काम चालणार असेल तर एका फितुराला तोंड द्यायला किमान चार सेनापती लागतात, तीन पुरत नाहीत. पण निरोप सहीचे असतील आणि सही कोणाला खोटी करता येत नसेल तर तीनही पुरतात. सहीची किंमत यापेक्षा चांगली कोण सांगणार?

आपल्या व्यापारात ही गोष्ट आधीपासून आहे. पाठवणाऱ्याचे चलन, वाहतूकदाराची बिल्टी आणि घेणाऱ्याची आवक नोंद, तीन कागद, तीन वेगळ्या सह्या. तिघांनी मिळून खोटे बोलल्याशिवाय माल गायब होत नाही. संगणकातील डिजिटल सही हेच काम करते. तिची पायाभूत कल्पना १९७६-७७ मध्ये तयार झाली. सही करण्याची किल्ली एकाकडेच असते, ती तपासण्याची किल्ली सर्वांकडे असते.

याच्या जोडीला 'हॅश' म्हणून एक युक्ती आहे. कितीही मोठ्या कागदावरून एक ठराविक लांबीचा आकडा काढला जातो. कागदातले एक अक्षर बदलले तरी आकडा पूर्ण बदलतो. आजच्या नोंदीत कालच्या नोंदीचा हॅश लिहीत गेले तर मधले एक पान बदलणाऱ्याला पुढची सगळी पाने बदलावी लागतात. शिवलेल्या वहीतून पान फाडले की कळते, तसेच हे आहे. २००८ नंतर गाजलेल्या ब्लॉकचेनमध्येही हीच शिलाई आहे. पण एकाच मालकाच्या तीन दुकानांना ब्लॉकचेनची गरज नाही, असे आमचे मत आहे. ज्यांचा एकमेकांवर भरोसा नाही आणि मध्ये कोणी पंचही नाही, त्यांच्यासाठी ती आहे.

कायदा काय म्हणतो?

इंग्लंडमध्ये १९९९ च्या कायद्याने संगणकाच्या पुराव्यावरील जुनी अट काढली गेली. तेव्हापासून संगणक बरोबरच चालत होता असे गृहीत धरले जाई, आणि चूक दाखवण्याचे ओझे गरीब दुकानदारावर पडे. त्याच्याकडे आतल्या नोंदी नव्हत्या, तो दाखवणार काय?

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे संगणकातील नोंद पुराव्यात द्यायची तर प्रमाणपत्र लागते आणि त्यात हॅशचा आकडाही द्यावा लागतो. तसेच १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना अशीच हिसाबाची सॉफ्टवेअर वापरावी लागतात, ज्यांत कोणी कधी काय बदलले याची नोंद आपोआप राहते आणि बंद करता येत नाही. ही सक्ती कंपन्यांना आहे, आपल्या पेढीला नसेलही. पण चांगली सवय सक्तीची वाट पाहत नाही.

जीएसटीतही रुजुवात आता टाळता येत नाही. १ जानेवारी २०२२ पासून विक्रेत्याने दाखवलेले बिल आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये उतरले नसेल तर त्याचा कर परत मिळत नाही. म्हणजे आपली वही आणि पार्टीची वही जुळलीच पाहिजे.

यूपीआयचेही ऐकून ठेवा. गिऱ्हाईक म्हणते पैसे कटले, आपल्या खात्यात आलेले नाहीत. दोघेही खरे असू शकतात. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे दुकानदाराला केलेले असे अडकलेले पेमेंट पाच दिवसांत आपोआप परत गेले पाहिजे, नाहीतर बँकेला रोज १०० रुपये भरपाई द्यावी लागते. तेव्हा गिऱ्हाइकाशी भांडू नका. बारा अंकी व्यवहार क्रमांक लिहून घ्या. त्याच्या मोबाइलवरचे चित्र पाहून माल देऊ नका, आपल्या खात्यात जमा पाहूनच द्या.

आम्ही आता काय करतो

आमच्या पेढीत २०१९ नंतर काही नियम केले. ते बांधवांच्या उपयोगी पडतील म्हणून लिहितो.

१) प्रत्येक चलनाचा छापील नंबर संगणकात चढवतो आणि तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर यंत्राने अडवावे अशी सोय करून घेतली. सॉफ्टवेअर घेण्याआधी विकणाऱ्यासमोर एकच चलन दोनदा टाकून पाहावे. नेट काढून, पुन्हा जोडूनही पाहावे.

२) प्रत्येक माणसाचे नाव आणि पासवर्ड वेगळा. एकच पासवर्ड सगळ्यांनी वापरला तर सही सगळ्यांची एकच झाली. मग चूक कोणाची हे अल्लाहलाच ठाऊक.

३) चुकीची नोंद पुसायची नाही. उलटी नोंद करून मग बरोबर नोंद करायची. कीर्दीचा हाच जुना कायदा होता.

४) दुरुस्तीवाला दुरून आपल्या संगणकात शिरतो तेव्हा आपला माणूस समोर बसलेला पाहिजे. त्याने काय बदलले ते तारखेसह लिहून ठेवायचे.

५) दर शुक्रवारी सुटीआधी तिन्ही ठिकाणची शिल्लक फोनवर वाचून जुळवतो. महिन्यातून एकदा तागे हाताने मोजतो. रोजची एक प्रत संगणकाबाहेर, वेगळ्या जागी ठेवतो.

६) फरक निघाला तर आधी कागद, मग यंत्र आणि सगळ्यात शेवटी माणूस तपासायचा. आणि माणसाला पहिल्याच दिवशी समोर बसवून विचारायचे.

सहावा नियम आमच्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे. हिसाब ही अमानत आहे, पण नोकराची इज्जत ही त्याहून मोठी अमानत आहे. ४० तागे पुढच्या महिन्यात विकून भरून काढता येतात. ब्रिटनमधल्या त्या दुकानदारांना शिक्षा रद्द झाल्याचा कागद मिळाला, वीस वर्षे मिळाली नाहीत.

चाचा २०२२ मध्ये वयामुळे घरी बसले. जाताना चाव्या त्यांनी आमच्या भाच्याच्या हातात दिल्या आणि बिल्ट्यांची फाइल कुठे ठेवली आहे ते दाखवले. ती फाइल आम्ही आजही चालू ठेवली आहे.